पैसे मोजून आणलेली बुरशी

तीन वस्तूंबद्दल लिहितोय. एक किलोची पांढरी पावडर, एक लिटरची बाटली आणि शंभर ग्रॅमची एक डबी. तिन्हींत बुरशी, मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर वाढवलेल्या पिकाच्या मुळांसाठी. पावडरीचं पाकीट घेऊन घरी आलो तेव्हा आई पडवीत रातांबे फोडत बसली होती. पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं. हातातला रातांबा तसाच ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे झिला, लोक बुरशी मारूक औषध हाडतत. तू पैशे मोजून बुरशी हाडलंस?"

आमचं घर शिरोड्याजवळ. २०२० मध्ये भांडुपची खोली बंद करून आलो, दोन महिन्यांत परत जाऊ म्हणत, तो राहिलोच. मांगराच्या मागच्या तुकड्यात लोखंडी पाइपांवर प्लास्टिक आणि वर शेडनेट टाकून एक सांगाडा उभा केलाय. पॉलिहाऊस म्हणायला मलाच लाज वाटते. आत आठ चॅनेल, प्रत्येकात तीस भोकं, दोनशे लिटरची टाकी, एक पंप. खताचं पाणी चॅनेलच्या तळाने पातळ धारेने वाहतं आणि परत टाकीत येतं. लेट्यूस लावतो: बटरहेड, रोमेन, थोडा लाल लोलो रोसो. जातो सगळा हद्दीपलीकडे, गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. आमच्याकडे कोण खातो? आईच्या लेखी तो बकऱ्यांचो पालो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं झकास चालतं. मग मार्चअखेर एक दिवस दुपारी बारा वाजता पानं मान टाकतात, संध्याकाळी परत उभी राहतात. पहिल्या वर्षी मला वाटलं ऊन. दुसऱ्या दिवशी नेट पॉट, म्हणजे रोपाची जाळीदार कुंडी, उपसून बघितला. मुळं पांढरी असायला हवीत, ती चहाच्या गाळणीत राहिलेल्या चोथ्यासारखी दिसत होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल बुळबुळीत मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत केसासारखा एक दोरा लोंबत राहिला. वास गटाराचा नाही, पण तळ्याच्या गाळाचा. ही खूण एकदा बघितली की पुन्हा विसरत नाही. पिथियम.

पिथियमला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. तिच्या पेशीभिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, खऱ्या बुरशीसारखं कायटिन नाही, आणि नात्याने ती तपकिरी समुद्रशेवाळाच्या जवळची. तिची पिल्लं, म्हणजे बीजाणू, शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. जमिनीत त्यांना एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत जायला वाट काढावी लागते. माझ्याकडे मी त्यांच्यासाठी पंप लावून वाहतं पाणी ठेवलंय, दोनशे चाळीस झाडांना एकच टाकी. त्यात पाणी गरम झालं की दुहेरी मार. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मुळं आधीच धापा टाकत असतात आणि उष्णता आवडणारं पिथियम जोरात असतं. एप्रिलमध्ये माझ्या टाकीचं पाणी ३२ अंश भरलं होतं.

आता पावडर. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयोगी बुरशी, टाल्कमध्ये मिसळलेला, पाकिटावर ग्रॅमला २० लाख जिवंत बीजाणू असं लिहिलेलं. एकशे ऐंशी रुपये. तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही, त्याने नारळ-सुपारीवाल्याला जे सांगतो तेच मला सांगितलं. "पाव किलो पावडर, पाव किलो गूळ, टाकीत टाका. गुळावर वाढतो तो."

टाकला. गूळ कोल्हापुरी, चांगला.

सकाळी सहाला गेलो तर टाकीवर फेस. सोलकढी घुसळल्यावर येतो तसा नाही, वाडग्यात ताटकळलेल्या ताडीचा असतो तसा. वासही तोच, आंबूस. गुळावर ट्रायकोडर्मा वाढला असेल नसेल, पण टाकीतल्या झाडून सगळ्या जिवाणूंनी रात्रभर पंगत मारली होती आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन फस्त केला होता. शिवाय टाल्क. टाल्क पाण्यात विरघळत नाही हे मला कळायला हवं होतं, लहानपणी कॅरमला लावलेली पावडर पावसात धुताना बघितली आहे. ते टाकीच्या तळाशी पांढऱ्या चिखलासारखं बसलं, पंपाने थोडं वर ओढलं आणि चॅनेलला पाणी देणाऱ्या बारीक नळ्या चोंदल्या. पाचवा चॅनेल कोरडा पडला. दुपारपर्यंत तीस रोमेन गेले. उरलेल्यांतले निम्मे त्या आठवड्यात.

चूक माझी की दुकानदाराची? शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवायला गूळ घालतात ते बरोबरच आहे. तिथे खायला सेंद्रिय पदार्थ असतो, हवा असते, ढीग असतो. खताच्या पाण्यात नुसते क्षार. बुरशीला तिथे खायला जवळजवळ काही नाही, आणि तिच्यासाठी म्हणून जे घालाल ते दुसरेच खातात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बीजप्रक्रिया, रोपवाटिका, जमिनीत देणे एवढंच लिहिलंय. पाण्यावरच्या शेतीबद्दल एक शब्द नाही. मी ते घरी आल्यावर वाचलं, तेही टाकी धुवून झाल्यावर.

पुढच्या हंगामात उलट बाजूने सुरुवात केली, आणि या रिव्ह्यूतला चांगला भाग इथून पुढे आहे. टाकी नाही, कोकोपीट. कोकोपीट आधी धुवून निथळून घ्यायचं, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या काथ्याच्या भुशात मीठ असू शकतं. मग ओलसर कोकोपीटला किलोमागे दहा ग्रॅम पावडर चोळून, गोणपाटाखाली सावलीत तीन-चार दिवस ठेवायचं. मूठ आवळली तर ओलं लागावं, पण पाणी गळू नये. चौथ्या दिवशी गोणपाट उचललं की वर फिकट पांढरी जाळी आलेली दिसते, कुठेकुठे हिरवट ठिपके. त्यात बी. म्हणजे मूळ फुटतं तेच बुरशीच्या शेजारात. मूळ जे थोडं साखरेचं वगैरे पाझरतं ते हिला मिळतं, ती मुळाच्या अंगावर आणि बाहेरच्या सालीत बस्तान बसवते, आणि मग पोहत पोहत पाहुणे आले की जागा भरलेली असते. एवढ्यावर थांबत नाही ती. दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालते, त्याची भिंत विरघळवणारे एन्झाइम सोडते आणि आतलं खाते. मिरीचा वेल पोफळीवर चढतो तसं डोळ्यांसमोर आणा, फक्त हा वेल पोफळीलाच खातो.

पंधराव्या दिवशी रोपं चॅनेलमध्ये जाताना आणखी एकदा: लिटरला पाच ग्रॅम, ढवळून अर्धा तास ठेवायचं, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि नेट पॉट त्यात बुडवून काढायचे. खालचा टाल्कचा साका आमच्या माडाला. टाकीत काही नाही. नळ्या त्यानंतर एकदाही चोंदल्या नाहीत.

फरक पडतो का? मला पडतो असं वाटणं आणि पडणं यात अंतर आहे, म्हणून चार चॅनेल तोडून वेगळ्या पिंपावर घेतले. एकाच टाकीवर दोन्ही ठेवले असते तर पाण्याबरोबर बुरशी इकडची तिकडे गेली असती आणि तुलना फुकट. बी एकाच पुडीतलं, खत तेच, ईसी (पाण्यात खताचे क्षार किती ते मोजतात तो आकडा) १.४ च्या आसपास, पीएच ६. जानेवारीत काढणीला आमच्या म्हावऱ्याच्या डिजिटल काट्यावर वजनं केली. बुरशीवाले थोडे जड होते, पण इतके थोडे की काटा कोणाच्या बाजूचा आहे असा प्रश्न पडावा. मुळं मात्र दाट, बारीक केसांची. हॉटेलवाला मुळांचे पैसे देत नाही.

एप्रिलमध्ये तोच प्रयोग पुन्हा केला. बिनबुरशीच्या एकशेवीस रोपांपैकी एकतीस गेली, बुरशीवाल्यांतली नऊ. बाकीचीही दुपारी मान टाकत होती, पण उठत होती. माझ्यासाठी त्या पावडरीची किंमत त्या फरकात वसूल झाली. जानेवारीत ही पावडर म्हणजे उन्हाळ्यात घेतलेली छत्री. ज्यांचं पाणी थंड आहे, महाबळेश्वरला वगैरे, त्यांनी वजन वाढेल म्हणून घेऊ नये. आणि मुळं एकदा तपकिरी झाली की उपयोग नाही. चोर घरात शिरल्यावर राखणदार नेमल्यासारखं होतं ते. मी तेही करून बघितलंय.

बाटलीचं थोडक्यात. ट्रायकोडर्माच, पण द्रवरूप, साडेचारशे रुपये. टाल्क नाही, त्यामुळे गाळायची कटकट नाही, रोपं बुडवायला हात पांढरे होत नाहीत. पहिल्या महिन्यात पावडरीइतकीच चांगली वाटली. तिसऱ्या महिन्यात बूच उघडलं तर फुस्स आवाज आला आणि आंबट भपका. लेबलवर थंड जागी ठेवा लिहिलं होतं. आमच्या मांगरात मे महिन्यात थंड जागा म्हणजे मातीच्या रांजणाची मागची बाजू. फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर आईने ती बाटली ताकाच्या शेजारून उचलून बाहेर पायरीवर ठेवली, एक शब्द न बोलता. अर्धी टाकून दिली. ज्यांचं काम मोठं आहे, एका महिन्यात लिटर संपतो, त्यांनी घ्यावी.

डबीबद्दल मात्र मनात राग आहे, म्हणून जास्त लिहितो. मायकोरायझा, शंभर ग्रॅम, सहाशे रुपये. शहरातून ऑनलाइन मागवली. विकणाऱ्याशी फोनवर बोललो, त्याला सांगितलं पाण्यावर लेट्यूस आहे, थोडा पाकचोय आणि अरुगुलाही. "सगळ्याला चालतं साहेब, मुळं दुप्पट होतात."

मायकोरायझाला मी वाईट म्हणत नाही. जमिनीवरच्या बहुतेक झाडांच्या मुळांशी तिची सोयरीक आहे. तिचे धागे मुळाच्या पल्ल्याबाहेर मातीत जातात, तिथला स्फुरद (फॉस्फरस) आणून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. जिवंत मुळाशिवाय तिला वाढवता येत नाही, म्हणून महाग, तेही कबूल. पण माझ्या चॅनेलमध्ये स्फुरद विरघळलेल्या रूपात मुळाच्या तोंडाशी चोवीस तास वाहतोय. घरात तांदळाची कणग भरलेली असताना बाजारातून तांदूळ आणायला गडी कोण ठेवील? झाडाला स्फुरद भरपूर मिळाला की ते या बुरशीला फारसं घरात घेत नाही, ही माहीत असलेली गोष्ट आहे. पाण्यावरच्या पिकात तिचा उपयोग करायचा तर खतातला स्फुरद मुद्दाम कमी ठेवावा लागतो, आणि माझ्यासारख्या ए आणि बी अशा दोन भागांत तयार मिळणारं खत वापरणाऱ्याला तो वेगळा कमी करताच येत नाही. लेट्यूसचं निदान मातीत तिच्याशी जमतं. पाकचोय आणि अरुगुला तर कोबी-मोहरीच्या घराण्यातले, आणि त्या घराण्याचं मायकोरायझाशी मुळात पटतच नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने विकू नये. माहीत असेल तर काय म्हणावं?

तीन खेपा वापरली, काही नाही. उरलेली डबी शेजारच्या काकांनी कलमांच्या खड्ड्यात घातली. तिथे ती कामाची, माझा रिव्ह्यू वाचून आंबावाल्यांनी घ्यायचं थांबू नये.

आता विकत घेताना मी काय बघतो ते. ट्रायकोडर्मा जैविक असला तरी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो, तेव्हा पाकिटावर नोंदणी क्रमांक पाहिजे. बॅच, बनवल्याची तारीख, मुदत. मुदतीत असूनही पाकीट मेलेलं असू शकतं, कारण दुकानात ते पत्र्याखालच्या फळीवर, रासायनिक बुरशीनाशकांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. एकदा मी विचारलं, हे उन्हात का ठेवलंय? तो म्हणाला, पावडर आहे, काय होतंय. जिवंत आहे हो ती. माशासारखी वागवा.

म्हणून घरी भाताची परीक्षा करतो. मूठभर तांदूळ जरा फडफडीत शिजवायचे, गार करायचे, उकळून घेतलेल्या दोन काचेच्या बरण्यांत अर्धे अर्धे. एकीत चिमूटभर पावडर, दुसरीत काही नाही. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून कपाटात. चांगल्या पाकिटाची बरणी तिसऱ्या दिवशी कापसासारखी पांढरी होते, पाचव्या दिवशी गर्द हिरवी, जणू कोणी कोथिंबीर वाटून भातावर ओतली. दुसऱ्या बरणीत तोवर काही नसलं पाहिजे. तिथेही हिरवं आलं तर तुमची बरणी नीट उकळली नव्हती आणि परीक्षा रद्द. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, भाकरीवर येते ती निळी-हिरवी बुरशीही लांबून तशीच दिसते. आणि फडकं सोडताना तोंडाला रुमाल बांधा, बीजाणू नाकात जातात.

तरीही फडकं सोडलं तेव्हा वास आलाच. मी काही बोलायच्या आत आई चुलीकडून म्हणाली, "खोबऱ्याचो वास खंयसून येता रे?" मला वाटलं भास. जवळ गेलो तर खरंच, किसून थोडा वेळ ठेवलेल्या ओल्या खोबऱ्याचा वास. नंतर कळलं की ट्रायकोडर्माच्या काही जाती ६-पेंटाइल-अल्फा-पायरोन नावाचा पदार्थ सोडतात, नारळाच्या वासासाठी खाद्यपदार्थांत घालतात तोच, आणि दुसऱ्या बुरशांना तो सहन होत नाही. सगळ्याच जाती सोडत नाहीत, म्हणून वास नाही आला तर पाकीट मेलं असं धरू नका. पण आला की मला बरं वाटतं. आईचंही त्या दिवसापासून बुरशीबद्दलचं मत जरा मवाळ झालंय. नारळाचा वास येणारी वस्तू अगदीच वाईट असू शकत नाही, असा तिचा हिशेब असावा.

काही गोष्टी एकत्र चालत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडने टाकी धुतली तर दोन दिवस मोकळं पाणी फिरवून मगच नवीन रोपं. पाणी निर्जंतुक करायला अतिनील (यूव्ही) दिवा लावला असेल तर तो पाण्यातून जाणारा ट्रायकोडर्माही मारतो, पिथियमबरोबर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. माझी विहीर आहे, तो प्रश्न नाही.

आणि पाणी. बुरशीने माझी रोपं वाचवली असं म्हणताना मला हे लपवायचं नाही की त्याच हंगामात मी टाकी जमिनीत उतरवली होती. चार फूट खड्डा, जांभा खोदायला दोन गडी आणि दोन दिवस, बाजूने चिरे लावून वर झावळांचं छप्पर. ३२ अंशांचं पाणी २७-२८ वर आलं. परत येणारी धार टाकीत एक हात उंचीवरून पडू दिली, त्याने हवा मिसळते. तुलना केलेल्या दोन्ही बाजूंची टाकी आणि पिंप त्याच खड्ड्यात होते, म्हणून आकडे मी मानतो. पण खड्डा नसता तर दोन्हीकडची रोपं गेली असती, अशी माझी पक्की समजूत आहे. कोणी विचारलं, आधी पैसे कशात घालू, तर खड्ड्यात. शब्दशः.

तारे द्यायचे तर पावडर चार, बाटली तीन, डबी माझ्या कामासाठी शून्य. पावडरीचा एक तारा कापला तो मराठीत नीट सूचना नसल्याबद्दल. पाण्यावरच्या शेतीत टाकीत ओतू नका, गूळ घालू नका, एवढी एक ओळ छापली असती तर माझे तीस रोमेन वाचले असते.

या वर्षी एप्रिलच्या मध्यालाच चार चॅनेल बंद केले. अर्धा किलो पावडर उरली होती, पावसाळा संपेपर्यंत टिकणार नाही. मी पाकिटाचं तोंड बांधून रांजणामागे ठेवलं होतं, दोन दिवसांनी बघतो तर नाही. आईने शेणखतात कालवून परसातल्या मिरीच्या वेलांच्या बुंध्यात घातली होती. गेल्या पावसात तिचे दोन वेल मर रोगाने गेले होते. गूळ घातलास का विचारलं, तर म्हणाली, "घातलंय मगे. दुकानवाल्यान सांगल्यान ता तुका कळूक नाय, माका कळला."